हाताने माउंट होतं, बूटला होत नाही: क्लस्टर फाइलसिस्टिमचं जुनं दुखणं

क्लस्टर फाइलसिस्टिम म्हणजे अनेक लिनक्स मशीन (नोड) मिळून वापरतात ती सामायिक फाइलसिस्टिम. मशीन रीबूट केलं, लॉगिन करून ‘डीएफ’ (जोडलेल्या डिस्कची यादी) चालवलं, तर शेअर्ड व्हॉल्यूम गायब. ‘माउंट -ए’ (एफएसटॅब या यादीच्या फाइलमधलं सगळं जोडणारी कमांड) मारलं की क्षणात हजर. पुढच्या रीबूटला पुन्हा तेच. कधीकधी चार रीबूट सुरळीत जातात आणि पाचव्याला घोटाळा होतो, तोही नेमका रात्री, पॅच लावून सगळे झोपायला गेल्यावर. जीएफएस२ असो, ओसीएफएस२ असो, ग्लस्टर असो की सेफएफएस, ही तक्रार सगळीकडे सारखीच ऐकू येते, आणि तिच्यावरचा घरगुती उपायही सारखाच असतो: आरसी.लोकल या बूटच्या शेवटी चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये ‘स्लीप ६०’ आणि खाली ‘माउंट -ए’. मीही तो वापरलाय. एके दिवशी स्टोरेजला नवे पाथ जोडले, डिस्क दिसायला साठऐवजी सत्तर सेकंद लागायला लागले आणि उपाय संपला.

काहीही बदलण्याआधी एक चाचणी करा. बूट झाल्यावर, माउंट नसताना, हाताने माउंट करून बघा आणि काय होतं ते नीट पाहा. लगेच माउंट झालं तर फाइलसिस्टिम ठणठणीत आहे, बिघाड क्रमाचा आहे. कमांड लटकून बसली, कंट्रोल-सीलाही दाद देईना, तर क्लस्टर कशाची तरी वाट बघतोय: कोरमची (निर्णयापुरते नोड हजर असण्याची) किंवा फेन्सिंगची (संशयित नोडला जबरदस्तीने बाहेर काढण्याची). तात्काळ एरर आली तर कॉन्फिगरेशन किंवा कर्नल मॉड्यूल (फाइलसिस्टिमचा ड्रायव्हर). या तीन वाटा पूर्ण वेगळ्या आहेत. लटकलेल्या माउंटवर एफएसटॅबमधले पर्याय बदलत बसणं म्हणजे दुखतंय पोट आणि मलम कपाळाला.

क्षणात होतं, फक्त बूटला होत नाही

दहापैकी आठ वेळा मी इथेच पोचतो. कारण समजायला सिस्टिमडी (बूटला सगळ्या सर्व्हिस क्रमाने सुरू करणारा प्रोग्रॅम) एफएसटॅबचं काय करतं ते माहीत हवं. बूटच्या सुरुवातीलाच एक जनरेटर ती फाइल वाचतो आणि प्रत्येक ओळीचं एक माउंट युनिट बनवतो. ओळ लोकल ठरली तर ते युनिट लोकल-एफएस टार्गेटच्या (टार्गेट म्हणजे बूटमधला एक टप्पा) आधी चालायला जातं, म्हणजे नेटवर्कचा पत्ताही नसताना. रिमोट ठरली तर ते नेटवर्क-ऑनलाइन टार्गेटनंतर आणि रिमोट-एफएस टार्गेटच्या आधी लावलं जातं. रिमोट ठरायचे दोनच निकष आहेत: फाइलसिस्टिमचा प्रकार ओळखीच्या यादीत असणं, किंवा पर्यायांत ‘_नेटडेव्ह’ असणं. जीएफएस२, ओसीएफएस२, ग्लस्टरएफएस, सेफ, लस्टर हे सगळे त्या यादीत आहेत. पण आयस्कझीवरच्या (नेटवर्कवरून जोडलेल्या) डिस्कवर साधी ईएक्सटी४ किंवा एक्सएफएस असेल, तर ती नेटवर्कपलीकडे आहे हे सिस्टिमडीला कळायला काहीच मार्ग नाही. तिथे ‘_नेटडेव्ह’ लिहिलं नाही, तर ९० सेकंद डिव्हाइसची वाट बघून मशीन थेट इमर्जन्सी मोडमध्ये जातं. यादीतल्या प्रकारांनाही मी ‘_नेटडेव्ह’ लिहितोच. गरज नसली तरी पुढच्या माणसाला एका नजरेत कळतं.

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते: माउंट युनिट एकदाच प्रयत्न करतं. सर्व्हिसला ‘रीस्टार्ट’ सांगता येतं, माउंटला येत नाही. पहिल्या प्रयत्नाला क्लस्टर तयार नसेल तर युनिट फेल्ड होऊन पडून राहतं, आणि दहा सेकंदांनी सगळं तयार झालं तरी कोणी परत विचारायला येत नाही. ‘कधी होतं, कधी नाही’ यामागचं सगळं गूढ एवढंच.

म्हणून आधी वेळापत्रक काढा. ‘जर्नलसीटीएल -बी -ओ शॉर्ट-मोनोटॉनिक’ दिलं की प्रत्येक ओळीसमोर बूटपासूनचे सेकंद येतात. त्यात तीन क्षण शोधा: नेटवर्क कधी खऱ्या अर्थाने चालू झालं, क्लस्टरचा डिमन (मागे सतत चालणारा प्रोग्रॅम) कधी तयार झाला आणि माउंटने कधी प्रयत्न केला. तिसरा आकडा पहिल्या दोघांपेक्षा लहान असेल तर चोर सापडला. माउंट युनिटचं नाव देऊन ‘सिस्टिमडी-अ‍ॅनालाइझ क्रिटिकल-चेन’ चालवलं तर ते कोणाच्या मागे रांगेत उभं होतं तेही दिसतं. युनिटचं नाव पाथवरूनच बनतं, पण पाथमध्ये आधीच हायफन असेल तर त्याचं रूपांतर विचित्र होतं. ते डोक्याने करू नका, ‘सिस्टिमडी-एस्केप’ला पाथ देऊन नाव काढून घ्या. चुकीच्या नावाचं युनिट तपासून ‘लॉग रिकामा आहे’ म्हणणारे मी पाहिलेत. त्यात एकदा मीही होतो.

आता नेटवर्क. नेटवर्क टार्गेट आणि नेटवर्क-ऑनलाइन टार्गेट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्याचा अर्थ एवढाच की नेटवर्क सांभाळणारा प्रोग्रॅम सुरू झाला. दुसऱ्याने खरं तर वाट बघायची असते, पण ती बघणारी वेगळी सर्व्हिस आहे: नेटवर्क-मॅनेजर-वेट-ऑनलाइन किंवा सिस्टिमडी-नेटवर्कडी-वेट-ऑनलाइन. बूट लवकर व्हावं म्हणून कोणीतरी ती कधीकाळी डिसेबल केलेली असते. मग टार्गेट नावाला गाठलं जातं, पण कोणी कोणासाठी थांबत नाही. सर्व्हिस चालू असूनही गडबड होते त्याचं नेहमीचं कारण म्हणजे आयपीव्ही६चा पत्ता आधी मिळतो आणि नेटवर्क-मॅनेजर तेवढ्यावर समाधान मानतो. क्लस्टर आयपीव्ही४वर बोलत असेल तर त्या कनेक्शनला ‘आयपीव्ही४.मे-फेल’ हे ‘नो’ करून ठेवा.

याहून छळणारा प्रकार मशीनच्या बाहेर असतो. पत्ता स्टॅटिक आहे, लिंक वर आहे, सिस्टिमडीच्या दृष्टीने नेटवर्क तयार आहे, पण स्विचचा पोर्ट स्पॅनिंग ट्रीच्या (नेटवर्कमधली वर्तुळं टाळणाऱ्या यंत्रणेच्या) लिसनिंग आणि लर्निंग अवस्थांत प्रत्येकी १५ सेकंद घालवतोय. ती तीस सेकंदं एकही पॅकेट पुढे जात नाही. मशीनवरचे सगळे लॉग निर्दोष दिसतात आणि आपण भुताटकीवर विश्वास ठेवायच्या बेताला येतो. नेटवर्कवाल्यांना सांगून सर्व्हरचे पोर्ट एज पोर्ट (ही वाट न बघणारे) म्हणून लावून घ्या. एका ठिकाणी दोन आठवडे आम्ही डिमनच्या सेटिंग्ज उलटसुलट करत होतो, आणि शेवटी दुरुस्ती स्विचवर एका ओळीची निघाली.

नेटवर्क बरोबर असूनही डिमन तयार नसेल तर अवलंबित्व स्पष्ट लिहावं लागतं. एफएसटॅबच्या पर्यायांत ‘एक्स-सिस्टिमडी.रिक्वायर्स=’ आणि पुढे सर्व्हिसचं नाव लिहा. यातून ‘ही लागतेच’ आणि ‘हिच्यानंतरच’ अशा दोन्ही गोष्टी एकदम साध्य होतात. बदल केल्यावर ‘सिस्टिमसीटीएल डीमन-रीलोड’ विसरू नका, आणि ‘फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’ने फाइल तपासून घ्या. एक स्वल्पविराम चुकला म्हणून रात्री कन्सोलवर जायची वेळ येऊ नये.

‘नोफेल’बद्दल थोडं. बूट अडकू नये म्हणून लोक ते सर्रास टाकतात आणि ते बरोबरही आहे. पण त्याचा दुसरा परिणाम असा की ते माउंट आता टार्गेटच्या आधी पूर्ण व्हायलाच हवं ही अटही निघून जाते. म्हणजे रिमोट-एफएस टार्गेटवर भरवसा ठेवून सुरू होणारं तुमचं अ‍ॅप्लिकेशन माउंटच्या आधी सुरू होऊ शकतं. ‘नोफेल’ टाकत असाल तर अ‍ॅप्लिकेशनच्या युनिटमध्ये ‘रिक्वायर्स-माउंट्स-फॉर’ लिहून पाथ द्या. दोन्ही मिळूनच काम पुरं होतं.

बाइंड माउंटचा सापळा

हा माझा खास शत्रू, म्हणून वेगळा सांगतो. जीएफएस२ व्यवस्थित माउंट होतंय. मग कोणीतरी त्यातली एक डिरेक्टरी दुसरीकडे दिसावी म्हणून एफएसटॅबमध्ये बाइंडची ओळ टाकतं. त्या ओळीचा प्रकार ‘नन’, म्हणून सिस्टिमडीला ती लोकल वाटते आणि लोकल-एफएसच्या आधी रांगेत लागते. पण तिचा उगम जीएफएस२मध्ये, जीएफएस२ नेटवर्कनंतर, आणि नेटवर्क सांभाळणारी सर्व्हिस लोकल-एफएसनंतर. झालं वर्तुळ. सिस्टिमडी असं वर्तुळ सापडलं की त्यातलं एक काम उचलून फेकून देतं आणि पुढे जातं. कुठलं फेकेल ते तुमच्या हातात नाही. कधी बाइंड जातं, कधी अशी सर्व्हिस जाते जिचा या सगळ्याशी संबंधच नाही. त्यामुळे लक्षणावरून मूळ कारण ओळखणं जवळजवळ अशक्य होतं.

जर्नलमध्ये ‘ऑर्डरिंग सायकल’ हे शब्द शोधा. सापडले तर बाकी सगळा तपास बाजूला ठेवा, आधी ते सोडवा. या प्रकरणात उपाय म्हणजे बाइंडच्या ओळीलाही ‘_नेटडेव्ह’ लावणं. बस्स, एवढंच.

ग्लस्टर स्वतःलाच माउंट करतं तेव्हा

सर्व्हर आणि क्लायंट एकाच मशीनवर असतील आणि माउंट लोकलहोस्टवरून होत असेल, तर ग्लस्टरडीनंतर (ग्लस्टरच्या मुख्य डिमननंतर) माउंट लावूनही कधीकधी हुकतं. कारण ग्लस्टरडी सुरू होणं आणि ब्रिकच्या (व्हॉल्यूमचा प्रत्यक्ष डेटा ठेवणाऱ्या डिरेक्टरींच्या) प्रोसेस उभ्या राहणं यांत अंतर असतं. माउंट पॉइंटच्या नावाचा लॉग ग्लस्टरच्या लॉग डिरेक्टरीत असतो, तो उघडा. व्हॉल्यूमची फाइल मिळवता आली नाही असं असेल तर ग्लस्टरडीच पोचलं नव्हतं. व्हॉल्यूम कळला पण ब्रिकशी जोडणी झाली नाही असं असेल तर ब्रिक उशिरा उठल्या.

इथे माझी पसंती ‘एक्स-सिस्टिमडी.ऑटोमाउंट’ला. बूटच्या वेळी खरं माउंट होतच नाही, पाथला पहिल्यांदा कोणी हात लावला की होतं, आणि तोवर ब्रिक उठलेल्या असतात. तोटा एवढाच की पहिला हात लावणारा प्रोग्रॅम थांबून राहतो, आणि तो मॉनिटरिंगचा एजंट असेल तर उगाच अलार्म वाजतात.

ग्लस्टरडी स्वतःच बूटला पडत असेल आणि लॉगमध्ये ब्रिक ‘रिझॉल्व्ह’ झाली नाही असं दिसत असेल, तर नावांचा पत्ता लागण्याआधीच ते उठलंय. सगळ्या नोडची नावं प्रत्येक मशीनच्या होस्ट्स फाइलमध्ये टाका आणि ग्लस्टरडीला नेटवर्क-ऑनलाइनच्या मागे लावा. डीएनएस सर्व्हर त्याच स्टोरेजवर चालणाऱ्या व्हर्च्युअल मशीनमध्ये असेल, तर तुम्हाला वेगळ्याच शुभेच्छा.

दोन नोडच्या ग्लस्टरमध्ये एक वर्तन माहीत हवं: दोन्ही बंद पडले आणि एकच परत उठला, तर दुसऱ्याशी बोलणं झाल्याशिवाय तो आपल्या ब्रिक सुरू करत नाही. आपल्याकडचं कॉन्फिगरेशन जुनं असू शकतं, हे तो गृहीत धरतो. दुसरा नोड खरंच मेलाय याची खात्री असेल तरच व्हॉल्यूम ‘स्टार्ट फोर्स’ करा.

कमांड लटकते

आता जीएफएस२ आणि पेसमेकर (क्लस्टरमधल्या सर्व्हिस चालू-बंद करणारा प्रोग्रॅम). इथे पहिला प्रश्न असा की ते माउंट एफएसटॅबमध्ये आहेच कशाला? पेसमेकर वापरत असाल तर फाइलसिस्टिम त्याचंच रिसोर्स असायला हवं: आधी डीएलएम (नोडमधली कुलुपं सांभाळणारा), मग एलव्हीएमलॉकडी (व्हॉल्यूमची कुलुपं सांभाळणारा), मग लॉजिकल व्हॉल्यूम, मग माउंट. सगळे क्लोन (प्रत्येक नोडवर एक प्रत), सगळ्यांना ‘इंटरलीव्ह’ (फक्त आपल्याच नोडवरच्या प्रतीची वाट बघणं) चालू. ते बंद राहिलं तर एका नोडवरचं माउंट सगळ्या नोडवरच्या डीएलएमची वाट बघतं, आणि एक मशीन रीबूट केलं तर दुसऱ्यांवरचं माउंटही हलतं. तीच ओळ एफएसटॅबमध्येही असेल तर सिस्टिमडी आणि पेसमेकर एकाच दोरीची दोन टोकं ओढत बसतात. एफएसटॅबमधली काढा.

हे सगळं जागेवर असूनही माउंट लटकतं तेव्हा ‘कोरोसिंक-कोरमटूल -एस’ बघा. दोन नोडच्या क्लस्टरमध्ये ‘टू_नोड’ चालू केलं की ‘वेट_फॉर_ऑल’ आपोआप चालू होतं. म्हणजे दोन्ही बंद होऊन एकच उठला, तर दुसऱ्याला एकदा तरी बघितल्याशिवाय तो कोरम मानत नाही. वीज गेली, परत आली, एका मशीनचा पॉवर सप्लाय मेला, आणि जिवंत मशीन हातावर हात ठेवून बसलंय, असं दृश्य दिसतं. लोक याला बग म्हणतात. दोघांपैकी प्रत्येकाने ‘दुसरा मेला असेल’ असं मानून एकाच डिस्कवर लिहायला सुरुवात केली तर काय होईल याचा विचार करा, म्हणजे राग उतरेल.

कोरम आहे तरी लटकतंय? मग ‘डीएलएम_टूल एलएस’. त्यात स्थिती ‘वेट फेन्सिंग’ असेल तर कुठला तरी नोड संशयित आहे, त्याला फेन्स करायला सांगितलंय आणि ते फेन्सिंग यशस्वी होत नाहीये. बहुतेक वेळा फेन्स डिव्हाइसचा पासवर्ड बदललेला असतो किंवा मॅनेजमेंट पोर्टची केबल निघालेली असते. रोजच्या कामात फेन्सिंग कोणी वापरत नाही, म्हणून ते मोडलंय हे कळतही नाही. दर तीन महिन्यांनी मुद्दाम एक नोड फेन्स करून बघावा. कटकट आहे, पण रात्रीच्या फोनपेक्षा कमी.

फेन्सिंगच बंद करून टाकणं हा उपाय नाही. त्याहून वाईट सल्ला म्हणजे लॉकिंगचा प्रकार ‘लॉक_नोलॉक’ देऊन माउंट करणं. माउंट होतं, हो, झटक्यात होतं. दुसऱ्या नोडवर तीच फाइलसिस्टिम माउंट असेल तर डेटाची खिचडीही तितक्याच झटक्यात होते. तो पर्याय फक्त बाकी सगळे नोड बंद आहेत हे डोळ्यांनी बघितल्यावर, डेटा बाहेर काढण्यापुरता.

तात्काळ एरर

‘अननोन फाइलसिस्टिम टाइप’ आलं तर कर्नल अपग्रेड झालंय आणि मॉड्यूल मागे राहिलंय. उबंटूच्या बऱ्याच आवृत्त्यांत ओसीएफएस२ आणि जीएफएस२ ही मॉड्यूल मुख्य पॅकेजात नसून ‘मॉड्यूल्स-एक्स्ट्रा’त असतात. लस्टरचा क्लायंट तर २०१८ साली ४.१८ आवृत्तीत कर्नलच्या स्टेजिंगमधूनही काढला गेला, तेव्हा तो प्रत्येक नव्या कर्नलसाठी वेगळा बांधावा लागतो.

जीएफएस२मध्ये क्लस्टरचं नाव सुपरब्लॉकमध्ये (फाइलसिस्टिमच्या मूळ माहितीच्या भागात) लिहिलेलं असतं. क्लस्टर नव्याने बांधताना नाव बदललं की कर्नल लॉगमध्ये डीएलएम स्पष्ट सांगतं की दोन नावं जुळत नाहीत. सगळीकडून अनमाउंट करून ‘ट्यूनजीएफएस२’ने लॉक टेबल बदला. नोड वाढवलाय आणि फक्त नव्या नोडवरच माउंट होत नाहीये? फाइलसिस्टिममधली जर्नल (बदलांच्या नोंदवह्या, सिस्टिमडीचा लॉग नव्हे) मोजा. प्रत्येक नोडला स्वतःचं एक लागतं, ‘जीएफएस२_जेअ‍ॅड’ने वाढवता येतं, पण ते माउंट असलेल्या नोडवरूनच.

ओसीएफएस२चे रुसवे ठरलेले आहेत. ओ२सीबी (त्याची क्लस्टर सर्व्हिस) बूटला चालू होतंय का ते बघा, डेबियनमध्ये ते मुद्दाम चालू करावं लागतं. क्लस्टर.कॉन्फमधलं नोडचं नाव मशीनच्या होस्टनेमशी जुळायला हवं, त्यात डोमेन लिहिलं नाही तरी चालतं. ती फाइल सगळ्या नोडवर एकसारखी हवी. फायरवॉलमध्ये टीसीपी ७७७७ मोकळा हवा. हार्टबीट थ्रेशोल्ड (नोड मेला मानण्याआधीची मर्यादा) ३१ म्हणजे ६० सेकंद, आणि मल्टिपाथचं फेलओव्हर (डिस्कचा एक मार्ग तुटल्यावर दुसऱ्यावर जाणं) त्याहून लांबत असेल तर तो आकडा सगळ्या नोडवर एकदमच वाढवायचा. एकाच नोडवर वाढवला तर तो बाकीच्यांशी जुळतच नाही.

सेफएफएसबद्दल एकच सांगण्यासारखं: घड्याळ. मदरबोर्डची बॅटरी संपलेली असते, मशीन उठतं तेव्हा तारीख भलतीच असते, सेफएक्सचं (सेफच्या ओळख-तपासणीचं) प्रमाणीकरण नाकारलं जातं, आणि तुम्ही लॉगिन करेपर्यंत क्रोनीने (घड्याळ जुळवणाऱ्या सर्व्हिसने) वेळ दुरुस्त केलेली असते. म्हणून हाताने लगेच माउंट होतं. ‘क्रोनी-वेट’ सर्व्हिस चालू करा, माउंटला टाइम-सिंक टार्गेटच्या मागे लावा आणि बॅटरी बदला.

दुरुस्ती झाली हे कधी म्हणायचं

एक रीबूट यशस्वी झाला म्हणून तिकीट बंद करू नका. हा आजार कधीमधी उपटणाराच आहे. मी एकेक नोड वेगळा रीबूट करतो, मग सगळे एकदम, आणि शेवटी एकच नोड उठवून बाकीचे बंद ठेवतो. या तिसऱ्या चाचणीत माउंट ‘न होणं’ हेच बरोबर उत्तर असू शकतं, तेव्हा ते आधीच वहीत लिहून ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी दुसरंच कोणीतरी ते ‘दुरुस्त’ करून टाकेल.

आणि माउंट नसताना त्या रिकाम्या डिरेक्टरीला ‘चॅटर +आय’ (आत काहीही बदलू न देणारी खूण) लावून ठेवा. माउंट त्यावर व्यवस्थित होतं, पण माउंट हुकलं तर अ‍ॅप्लिकेशनला तिथे एक फाइलही बनवता येत नाही, ते लगेच ओरडतं. हे केलेलं नसताना एकदा अकरा दिवसांचा डेटा रूट डिस्कवर साचला होता. डिस्क भरली तेव्हा कळलं. माउंट केलं, तर तो डेटा खाली झाकला गेला आणि वर अकरा दिवसांपूर्वीचं जग दिसायला लागलं. दोन्हीकडच्या फाइली जुळवायला मग आम्हाला पुढचा अख्खा आठवडा लागला.